बाटलीतली ताकद आणि ताटातली भाकर

सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आले, की हिंगोली जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांतून एक वाक्य हमखास कानी पडते. "लई थकवा आलाय, एक बाटली लावून घेते." आखाडा बाळापूर असो की कुरुंदा, जवळा बाजार असो की गोरेगाव, दवाखान्याच्या बाकावर दोन-चार आयाबाया हाताला सलाईन लावून पडलेल्या दिसतात. पाच-सहा दिवस उन्हात वाकून सोंगणी केलेली असते, पोटात नीट अन्न नसते, अंगात कसर भरलेली असते. बाटली संपते, पदराच्या गाठीतले पैसे सुटतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विळा हाती येतो. बाटलीत "बी-कॉम्प्लेक्स"चे इंजेक्शन टाकले, की पाणी पिवळे होते. मग त्या पिवळ्या बाटलीचे मोल आणखी वाढते. ती ताकदीची बाटली ठरते.

आमच्या माता-भगिनींच्या थकव्याची थट्टा करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. थकवा खरा आहे. प्रश्न एवढाच आहे, की त्या बाटलीत ताकद आहे काय? आणि नसेल, तर नसेतून माणसाला खरोखर अन्न देता येते काय, ते कोणाला द्यायचे असते आणि ते तयार कोण करतो? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींशी येऊन भिडते. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

बाटलीचा हिशेब

साध्या सलाईनच्या बाटलीवर 0.9 टक्के असे छापलेले असते. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. चहाचा एक सपाट चमचाही पुरता भरत नाही. बाकी सारे निर्जंतुक पाणी. त्यात उष्मांक शून्य, म्हणजे ताकद शून्य.

दुसरी बाटली ग्लुकोजची. तिच्यावर 5 टक्के असे लिहिलेले असते. अर्ध्या लिटरमध्ये 25 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साखरेचे पाच चमचे समजा. त्यातून शरीराला मिळतात सुमारे 85 उष्मांक. आता आपली ज्वारीची भाकर घ्या. 50 ग्रॅम पिठाची लहानशी भाकर धरली, तरी तिच्यात सुमारे 170 उष्मांक असतात, आणि आपल्याकडची भाकर त्याहून मोठीच असते. म्हणजे तासन्‌तास आडवे पडून, सुई टोचून घेऊन, दिवसाच्या मजुरीतला मोठा वाटा देऊन आपण विकत घेतो ती अर्धी भाकर! तीही मिठाविना, वरणाविना, भाजीविना.

पिवळ्या रंगाचे गूढही फार मोठे नाही. बी गटातील रिबोफ्लेविन नावाचे जीवनसत्त्व मुळातच पिवळे असते. त्याच्या थेंबाने बाटली रंगते, रक्त वाढत नाही. आपल्या भगिनींच्या थकव्यामागे पुष्कळदा रक्तातले हिमोग्लोबिन कमी असणे हे कारण असते. त्यावर लोहाच्या गोळ्या लागतात, त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात मोफत मिळतात, आणि त्या काही महिने नेमाने घ्याव्या लागतात. हे काम बाटली करू शकत नाही.

मग बाटली लावल्यावर बरे का वाटते? उन्हातान्हात अंगातले पाणी कमी झालेले असते, ते थोडे भरून निघते. दोन तास सक्तीची विश्रांती मिळते. कोणीतरी आपली विचारपूस केली, याचाही आधार वाटतो. हे सगळे घरी मिळाले, तर बाटली लागणार नाही. पण कष्टकरी बाईला घरी दोन तास आडवे पडू देतो कोण? या प्रश्नाचे उत्तर घरातल्या पुरुष मंडळींनी द्यायचे आहे.

विनाकारण लावलेली बाटली निरुपद्रवी असते, असेही कोणी समजू नये. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या माणसाच्या फुप्फुसात हे जादा पाणी उतरते आणि दम लागतो. मधुमेह असलेल्याची साखर ग्लुकोजने चढते. सुई किंवा नळी आधी कोणाला वापरलेली असेल, तर काविळीचे आणि एचआयव्हीचे विषाणू थेट रक्तात जातात. तोंडाने घेतलेल्या पदार्थाला पोट आणि आतडे यांची चाळणी असते. नसेतून गेलेल्या पदार्थाला तशी चाळणी नसते, हे नीट ध्यानात ठेवावे.

सलाईन कधी हवेच

सलाईनची निंदा करणे हा आमचा हेतू नाही. सलाईनने असंख्य जीव वाचवले आहेत. 1832 साली स्कॉटलंडमध्ये पटकीची साथ होती, तेव्हा थॉमस लट्टा नावाच्या डॉक्टरने मरणाच्या दारातल्या रुग्णांच्या नसेत मीठ-पाणी सोडले आणि काही जण उठून बसले. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी आटते, नाडी लागत नाही, डोळे खोल जातात, लघवी बंद होते, माणूस गुंगीत जातो किंवा घोटभर पाणीही पोटात ठरत नाही, तेव्हा बाटली हाच उपाय असतो. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

पण तोंडाने पिता येत असेल, तर तोंडानेच पाजावे, हा धडा आपल्याच देशाने जगाला दिला. 1971 साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीने माणसे पटापट मरत होती आणि सलाईनचा साठा संपत आला होता. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि आप्तांनीच रुग्णांना ते पाजावे, अशी व्यवस्था केली. तीसच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. डॉ. महालनोबिस 2022 साली वारले. 2023 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. आज आशाताईंकडे मिळणारी ओआरएसची पुडी ही त्याच कामाची लेक आहे.

पुडी हाताशी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा विरघळवावा. चमचा चहाचा. मीठ जास्त होऊ देऊ नये. सहा महिन्यांपुढच्या बालकास जुलाब झाल्यास ओआरएससोबत झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी रोज एक, अशी 14 दिवस देतात. आईचे दूध आणि जेवण बंद करू नये.

नसेतून अन्न

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. नसेतून खरोखर पूर्ण अन्न देता येते काय? येते. मात्र ते वेगळेच प्रकरण आहे.

काही रुग्णांचे आतडे काम करीत नाही. आतड्याला पीळ पडून ते काळे पडले आणि शस्त्रक्रियेत बहुतेक आतडे काढून टाकावे लागले. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतड्याला भोक पडून अन्न बाहेर येऊ लागले. बाळ इतके अपुऱ्या दिवसांचे जन्मले, की त्याच्या आतड्याला दूध सोसत नाही. अशा माणसाने खायचे कसे? 85 उष्मांकांच्या बाटलीने हे भागत नाही. प्रौढ माणसाला दिवसाला 2000 उष्मांक द्यायचे तर अशा 23-24 बाटल्या लागतील, म्हणजे जवळजवळ 12 लिटर पाणी! माणूस त्या पाण्यानेच मरेल. बरे, ग्लुकोज घट्ट करून द्यावे, तर हाताची बारीक नस जळून जाते.

ही कोंडी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया येथे डॉ. स्टॅन्ले ड्युड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोडली. हृदयाशी जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत नळी पोहोचवली, तर तिथल्या जोरदार प्रवाहात घट्ट द्रावण लगेच पातळ होते, हे त्यांनी ओळखले. आधी कुत्र्याची पिले नुसत्या नसेतल्या अन्नावर वाढवून दाखवली. मग 1967 साली जवळजवळ आतडेच नसलेल्या एका नवजात मुलीला त्याच मार्गाने अन्न दिले. तिचे वजन वाढले, डोक्याचा घेर वाढला आणि ती सुमारे 22 महिने जगली.

स्निग्ध पदार्थांची गोष्ट तर आपल्या शिवाराच्या जवळची आहे. तेल सरळ नसेत सोडले तर माणूस दगावतो. ते दुधासारखे अतिबारीक थेंबांत फोडावे लागते. अमेरिकेत आधी सरकीच्या तेलाचे असे दूध करण्यात आले. त्याने ताप, यकृताला इजा असे त्रास होऊ लागले आणि 1960 च्या दशकात ते मागे घ्यावे लागले. स्वीडनच्या आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीनचे शुद्ध तेल घेतले, अंड्यातल्या पिवळ्या बलकातील स्निग्धांशाने ते पाण्यात मिसळले, आणि 1962 पासून ते वापरात आले. याच्या 20 टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये 1000 उष्मांक असतात. हिंगोलीच्या शेतकऱ्याच्या घरी कापूस आणि सोयाबीन दोन्ही पिकतात. त्यातले सोयाबीन रुग्णाच्या रक्तात अन्न म्हणून जाऊ शकते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? अंडी किंवा सोयाबीन खाऊन कोणाच्या अंगावर गांधी उठत असतील, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. कारण या औषधात ती दोन्ही असतात.

ग्लुकोज, स्निग्ध, प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्ले, क्षार, जीवनसत्त्वे, जस्त-तांब्यासारखी सूक्ष्म द्रव्ये असे सगळे मिळून नसेतला पूर्ण आहार तयार होतो. थकव्यावर नुसती अमिनो आम्लाची बाटली लावणे हा त्याचाच बाजारी अवतार. 5 टक्क्यांच्या 200 मिलिलिटरच्या बाटलीत 10 ग्रॅम अमिनो आम्ल असते. दोन अंड्यांत 12 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. ज्याला तोंडाने खाता येते त्याने अंडी, शेंगदाणे, डाळ, हरभरा खावा. आतडे चालते तोवर आतड्याचाच मार्ग धरावा, हे या शास्त्राचे पहिले सूत्र आहे.

मिश्रण करणारा हात

हे मिश्रण कोण करतो? डॉक्टर मात्रा ठरवतात, परिचारिका ते लावते, पण त्या दोघांच्या मध्ये एक तिसरा माणूस असतो. तो म्हणजे औषधनिर्माता, आपल्या बोलीत फार्मासिस्ट. रुग्णाचे नातेवाईक त्याचा चेहराही पाहत नाहीत. पण त्याच्या डोळ्यांत तेल नसेल तर घात होतो.

तो प्रथम चिठ्ठी तपासतो. वजन किती, साखर किती, मूत्रपिंडे कशी आहेत? पोटॅशियमचा आकडा एका शून्याने चुकला तर हृदय थांबते. मग तो मिश्रणाचा क्रम ठरवतो. कॅल्शियमचे द्रावण पाण्यासारखे निर्मळ, फॉस्फेटचेही निर्मळ. पण चुकीच्या प्रमाणात किंवा चुकीच्या क्रमाने दोन्ही एकत्र आली, की चुन्यासारखे बारीक कण तयार होतात आणि ते फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत जाऊन अडकतात. 1994 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याच कारणाने झालेल्या दोन मृत्यूंनंतर देशभर इशारा दिला होता. स्निग्धांशामुळे मिश्रण दुधासारखे पांढरे होते, त्यामुळे हे कण डोळ्यांना दिसतही नाहीत. ते केवळ ज्ञानाने टाळावे लागतात.

तिसरे काम शुद्धतेचे. साखर आणि प्रथिने यांचे पाणी जंतूंनाही तितकेच आवडते. म्हणून हे काम गाळलेल्या हवेच्या बंदिस्त ओट्यावर, हातमोजे आणि मुखपट्टी लावून करायचे असते. 2011 साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात एका औषधशाळेने तयार केलेल्या अशा पिशव्यांतून जंतू गेले. 19 रुग्णांना रक्तदोष झाला आणि त्यांतले 9 दगावले. तपासात तेच जंतू तिथल्या नळाच्या तोटीवर आणि मिश्रणाच्या भांड्यात सापडले. एवढ्या श्रीमंत देशात हे घडले! आता कारखान्यातून तीन कप्प्यांच्या तयार पिशव्याही येतात. वापरण्यापूर्वी कप्प्यांमधले पडदे दाबून फोडायचे आणि सारे एकजीव करायचे. त्याने धोका कमी होतो, पण पिशवी कोणाला चालेल, किती वेगाने द्यावी, तिच्यात आणखी काय टाकता येईल, हे सांगणारे डोके तरीही लागतेच.

चौथे काम उपाशी माणसाला जपण्याचे. बरेच दिवस उपाशी असलेल्या रुग्णाला एकदम भरपूर अन्न दिले, तोंडाने असो वा नसेने, तर रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने उतरते आणि तो अन्न मिळूनही दगावू शकतो. दुसऱ्या महायुद्धातून सुटलेल्या उपाशी कैद्यांच्या बाबतीत हे दिसून आले होते. म्हणून थायमिन हे जीवनसत्त्व आधी देतात, अन्न थोड्यापासून सुरू करतात आणि रक्त रोज तपासतात.

औषधाच्या साखळीत एक कडी निसटली तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी द्रव्य मिसळलेले ग्लिसरॉल रुग्णांना दिले गेले आणि 14 जण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध खरेदीपासून तपासणीपर्यंतची सारी व्यवस्था उघडी पाडली. ही केवळ जुनी गोष्ट नव्हे. नोव्हेंबर 2024 मध्ये कर्नाटकातील बळ्ळारी येथे सिझेरियन झालेल्या मातांचे मृत्यू झाले. संशय रिंगर लॅक्टेट या सलाईनच्या दर्जावर आला आणि त्या राज्याने संबंधित कंपनीच्या सलाईनचा वापर थांबवला. बाळंतीण माता गेल्या, त्यांची तान्ही लेकरे मागे राहिली.

म्हणून आपल्या माणसाला बाटली लागत असेल, तेव्हा घरच्यांनीही डोळे उघडे ठेवावेत. बाटली उजेडासमोर धरून पाहावी. गढूळपणा, तरंगणारे तंतू, कण किंवा गळती दिसली, तर ती लावू देऊ नये. नाव, बॅच क्रमांक आणि मुदत वाचावी. सुई आणि नळी आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढायला सांगावी. बाटली सुरू झाल्यावर थंडी वाजून आली, दम लागला किंवा अंगाला खाज सुटली, तर ताबडतोब ओरडून सांगावे. आणि एक प्रश्न अवश्य विचारावा. "साहेब, ही बाटली कशासाठी? पिऊन भागणार नाही का?" हा प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. ज्याच्या अंगात औषध जाते, त्याचा तो अधिकार आहे.

परवान्याची किंमत

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय मुद्दाम घेतला, तिच्याकडे येतो.

बाबासाहेबांनी "वेटिंग फॉर अ व्हिसा" या आपल्या आठवणींत काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत नोंदवली आहे. ती 1929 साली "यंग इंडिया"त छापून आली होती. शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि मग आजारी पडली. तिला जुलाब लागले. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. पुष्कळ विनवण्या करून, फी भरून तो आला, तेव्हा तिला घराबाहेर आणावे लागले. त्याने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले आणि नवऱ्याने बायकोला. परत येतानाही तसेच. डॉक्टरने तिला हात लावला नाही. ती बाई दगावली.

आज त्याच समाजाची मुले-मुली डी.फार्म., बी.फार्म. होऊन महाराष्ट्र राज्य औषधव्यवसाय परिषदेकडे नोंदणी करतात. ज्यांना औषध दुरून दिले जाई, त्यांच्या लेकरांच्या सहीशिवाय आता औषध देता येत नाही. 1948 च्या फार्मसी कायद्याच्या 42 व्या कलमाने डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध मिसळण्याचा आणि देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच दिला आहे. 2015 च्या नियमावलीने तर रुग्णाला औषधाची माहिती देणे हे त्याचे कर्तव्य ठरवले आहे. केवढा हा मान!

आणि या मानाचे आपण काही ठिकाणी काय करतो? सर्टिफिकेट भाड्याने देतो. मेडिकल दुसऱ्याचे, गल्ल्यावर दुसराच, औषध देणारा पोरगा दहावी-बारावी झालेला, आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत आपल्या मुलाचे नाव. महिन्याला काही रक्कम घरी येते आणि मुलगा दुसरीकडे कामाला असतो. गरिबीचे आणि बेकारीचे रडगाणे आम्हांला ठाऊक आहे. आई-बापांनी शेतमजुरी करून, ऊसतोडीला जाऊन फी भरलेली असते. नोकऱ्या थोड्या, पगार तुटपुंजा. दोष एकट्या मुलांचा नाही. परवाना भाड्याने घेणाऱ्यांचा आणि डोळेझाक करणाऱ्यांचा तो अधिक आहे. तरीही आम्ही विचारतो, की ज्या चौकटीपर्यंत पोहोचायला आपल्याला पिढ्या लागल्या, त्या चौकटीत आपण नुसते नाव ठेवून निघून जायचे काय? उद्या त्या दुकानातून चुकीचे औषध गेले, तर कायदा भिंतीवरचे नाव वाचील. आणि ते औषध घेणारी आई बहुधा आपल्याच वस्तीतली असेल.

मुलांनो, मुलींनो, त्या चौकटीखाली स्वतः उभे राहा. पांढरा कोट घाला, नावाची पट्टी लावा. "ताकदीची बाटली द्या" म्हणून बाई आली, तर तिला बसवा, पाणी द्या आणि सांगा, "मावशी, हिच्यात अर्धीच भाकर आहे. आधी रक्त तपासून घ्या. ही ओआरएसची पुडी घ्या." दुकानदाराचा थोडा गल्ला कमी होईल. पण ती बाई पुढच्या वेळी डॉक्टरच्या आधी तुम्हांला विचारायला येईल. विश्वास असा कमवायचा असतो. ज्यांना पुढे शिकता येईल, त्यांनी फार्म.डी.चा विचार करावा. आपल्या देशात तो अभ्यासक्रम 2008 पासून आहे आणि रुग्णाच्या खाटेशी उभे राहून औषधोपचाराचा विचार करणारा फार्मासिस्ट तो घडवतो.

जिल्हा म्हणूनही आपली मागणी असली पाहिजे. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. गंभीर रुग्ण घेऊन नांदेडची वाट धरणे आपल्या अंगवळणी पडले. त्या नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 2023 च्या ऑक्टोबरच्या आरंभी 24 तासांत 24 मृत्यू झाले आणि त्यांत 12 नवजात बालके होती. औषधांच्या तुटवड्याचा आरोप झाला, प्रशासनाने तो नाकारला. वाद काहीही असो, लहानग्या बालकांसाठी नसेतला आहार, औषधे आणि ती हाताळणारी जाणती माणसे जवळ असावीत, ही गरज त्या दिवसांनी सर्वांपुढे आणली. आता ऑक्टोबर 2024 मध्ये हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्‌घाटन झाले आहे. तिथे खाटा किती, डॉक्टर किती, हे आपले पुढारी विचारतात. औषधनिर्माण अधिकाऱ्यांच्या जागा किती, त्यांतल्या भरलेल्या किती, निर्जंतुक मिश्रणाची खोली आहे काय, हे कोणी विचारीत नाही. ते आपण विचारू. निवेदन द्यायला चार माणसे पुरतात.

भगवान बुद्धांनी आनंदांसह एका आजारी भिक्खूला स्वतः धुऊन काढले, ही विनयपिटकातली कथा विहारात आपण अनेकदा ऐकतो. त्या भिक्खूचा आजार कोणता होता? हगवण. तो आपल्याच घाणीत पडलेला होता आणि सोबत्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. त्याच ठिकाणी रुग्णाची सेवा करणाऱ्याचे गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य आणि अपथ्य कळावे, घाणीची किळस वाटू नये आणि लोभापायी नव्हे, तर मैत्रीच्या भावनेने त्याने सेवा करावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या फार्मासिस्टच्या नेमणूकपत्रावर छापावी अशी आहे.

तेव्हा या हंगामात दोन गोष्टी करू. विहारातली सभा आटोपली, की उपासिकांनी दहा मिनिटे बाटलीचा हा हिशेब वाचून दाखवावा आणि ओआरएस कसे करायचे ते करून दाखवावे. आणि ज्या घरात फार्मासिस्ट मुलगा-मुलगी आहे, त्या घराने आपल्या लेकराला विचारावे, "बाळा, तुझे नाव कोणत्या भिंतीवर आहे आणि तू कुठे आहेस?" घरात दोन भाकरी जास्त थापाव्यात, शेंगदाण्याचा कूट जरा सढळ हाताने घालावा, आणि सोंगणीहून आलेल्या बाईच्या हाती विळ्याऐवजी आधी ताट द्यावे. अंगातली ताकद तिथूनच येते.

जय भीम!